कुत्र्यानं चॉकलेट खाल्लं? लक्षणांची वाट पाहू नका

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांत तान्हा पोळा भरतो. सजवलेले लाकडी नंदी घेऊन पोरं घरोघरी जातात आणि बोजारा मागतात. कुणी हातावर नाणी ठेवतं, कुणी खाऊ देतं. आणि त्या खाऊत अलीकडे चॉकलेटं बरीच असतात. संध्याकाळी दमून आलेल्या पोराची पिशवी ओसरीवर तशीच पडून राहते. घरातला कुत्रा ती हुंगतो, ओढतो आणि वेष्टनासकट सगळं फस्त करतो. राखीचा डबा, शाळेतले वाढदिवस, पुण्या-मुंबईहून दिवाळीला येणाऱ्यांनी आणलेली चकचकीत खोकी, यवतमाळच्या दत्त चौकातून आणलेला केक, अशा निमित्तांनी वर्षभर चॉकलेट घरात येतच असतं. कुत्राही आता अंगणात न राहता घरात, सोफ्याखाली, पोरांच्या अंथरुणाशी राहू लागला आहे. त्यामुळे दोघांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

अशा वेळी घरात बहुधा एकच वाक्य ऐकू येतं: ‘खाऊ द्या, काही होत नाही. मागंही खाल्लं होतं.’ हे वाक्य पुष्कळदा खरं निघतं, म्हणूनच ते घातक आहे. ३० किलोच्या लॅब्रेडॉरनं दहा रुपयांचं दुधाचं चॉकलेट खाल्लं, तर त्याला खरोखरच काही होत नाही. पण त्या अनुभवावर विसंबून ५ किलोच्या पॉमेरेनियनसमोर चॉकलेट केकचा मोठा तुकडा ठेवला, किंवा ओट्यावरच्या कोको पावडरीचा डबा कुत्र्याच्या तोंडी लागला, तर हिशेब पार बदलतो. किती वजनाच्या कुत्र्यानं कोणतं चॉकलेट किती खाल्लं, यावर सगळं ठरतं. ते कळण्यासाठी लक्षणं दिसेपर्यंत थांबायची गरज नाही. वेष्टन आणि वजनकाटा पुरेसा आहे.

कोकोच्या बियांत थिओब्रोमिन नावाचं द्रव्य असतं. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर वॉस्क्रेसेन्स्की यांनी ते १८४१ मध्ये शोधून काढलं. चहा-कॉफीतल्या कॅफिनच्याच कुळातलं हे द्रव्य. चॉकलेटमध्ये दोन्ही असतात, पण थिओब्रोमिन कितीतरी जास्त. मेंदूला आणि हृदयाला शांत ठेवणारं ॲडेनोसिन नावाचं रसायन शरीरात जिथे काम करतं, ती जागाच ही दोन्ही द्रव्यं अडवून धरतात. मग हृदय धावू लागतं, स्नायू ताठतात, मेंदू उत्तेजित राहतो, लघवी वाढते.

माणसाच्या शरीरात थिओब्रोमिनचा निचरा बराच लवकर होतो. कुत्र्याच्या रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण साडेसतरा तास लागतात. शिवाय लघवीवाटे बाहेर पडायला निघालेलं थिओब्रोमिन मूत्राशयाच्या भिंतीतून पुन्हा रक्तात शिरतं. म्हणूनच एका रात्री खाल्लेल्या चॉकलेटचा त्रास दुसऱ्या, कधी तिसऱ्या दिवसापर्यंत चालतो. उपचार चालू असताना कुत्र्याला दर थोड्या वेळानं लघवीला नेणं हाही त्या उपचाराचाच भाग असतो. मांजरालाही थिओब्रोमिन बाधतं, पण मांजराला गोड चव कळतच नाही, त्यामुळे ते सहसा चॉकलेटच्या वाटेला जात नाही. कुत्र्याला गोड कळतं, आवडतं, आणि कुठे थांबायचं ते उमगत नाही.

आता हिशेब. दुधाच्या चॉकलेटमध्ये एका ग्रॅममागे ही द्रव्यं साधारण २ मिलिग्रॅम असतात. डार्क चॉकलेटमध्ये ५ ते ६, आणि ७० टक्के कोको असं वेष्टनावर लिहिलेलं असेल तर त्याहूनही जास्त. केकसाठी वापरतात ते बिनसाखरेचं चॉकलेट १५ च्या आसपास जातं. निव्वळ कोको पावडर २८ पर्यंत. पांढऱ्या चॉकलेटमध्ये हे द्रव्य जवळजवळ नसतंच. खाल्लेल्या चॉकलेटच्या ग्रॅमना या आकड्यानं गुणायचं आणि कुत्र्याच्या किलोंनी भागायचं. उत्तर २० च्या घरात आलं तर उलट्या, जुलाब, तहान, बेचैनी अशी लक्षणं अपेक्षित असतात. ४० ते ५० आलं तर हृदयाची लय बिघडू शकते. ६० च्या पुढे झटके येतात. १०० ते २०० या टप्प्यात मृत्यूची शक्यता फार मोठी असते, पण त्याच्या बऱ्याच खालीही कुत्री दगावतात. हे आकडे ढोबळ आहेत. म्हातारा, हृदयविकार असलेला किंवा आधीच आजारी असलेला कुत्रा कमी प्रमाणातही कोलमडतो.

५ किलोचा पॉमेरेनियन घ्या. त्यानं ६० ग्रॅम दुधाचं चॉकलेट खाल्लं तर उत्तर २५ च्या जवळ येतं. पोट बिघडेल, रात्रभर जाग राहील. तेच ४० ग्रॅम डार्क चॉकलेट असेल तर उत्तर ४४, म्हणजे हृदयाला धोका. आणि फक्त १२ ग्रॅम कोको पावडर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, त्याला झटक्यांपर्यंत नेऊ शकते. ३० किलोचा लॅब्रेडॉरही यातून सुटत नाही. १०० ग्रॅम दुधाचं चॉकलेट तो पचवून जाईल, पण ७५ ग्रॅम कोको पावडर त्याला ७० पर्यंत नेते. घरी केक करण्याची आवड आता तालुक्याच्या गावांतही रुजली आहे आणि किराण्याच्या दुकानात कोकोची छोटी पाकिटं मिळतात. धोका सर्वांत जास्त आहे तो या पाकिटात. मुलांच्या हातातल्या दहा रुपयांच्या वडीपेक्षा ओट्यावरच्या या डब्याकडे आधी लक्ष द्यायला हवं.

गल्लीतल्या पिल्लांना मात्र छोटी वडीही बाधते. दोन किलोच्या पिल्लाला एखाद्या प्रेमळ पोरानं २० ग्रॅमची दुधाची वडी भरवली, तरी उत्तर २० वर जातं. आधीच जंतांनी आणि उपासमारीनं खंगलेल्या जिवाला तेवढे जुलाबही भारी पडतात.

मोठ्या प्राण्यांचीही सुटका नसते. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात २०१४ मध्ये चार काळी अस्वलं, दोन माद्या आणि दोन पिल्लं, एकाच ठिकाणी मरून पडलेली सापडली. आमिष म्हणून तिथे चॉकलेट आणि डोनटचा ढीग टाकलेला होता. तपासणीत मृत्यूचं कारण थिओब्रोमिन निघालं आणि पुढे त्या राज्यानं चॉकलेटचं आमिष लावायला बंदी केली. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातही अस्वलं आहेत. सफारीला जाणाऱ्यांनी खाऊची पाकिटं गाडीतून बाहेर टाकू नयेत याला हेही एक ठोस कारण आहे.

सणांचा आणि या विषबाधेचा संबंध आकड्यांतून सिद्ध झालेला आहे. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदी तपासून लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की, कुत्र्यानं चॉकलेट खाल्ल्याच्या घटना नाताळात एरवीच्या चौपट आणि ईस्टरला दुपटीच्या आसपास होतात. आपल्याकडचा तो काळ राखीपासून दिवाळीपर्यंतचा. योगायोगानं हाच काळ यवतमाळमध्ये कपाशीच्या फवारणीचा आणि नंतर वेचणीचा. या गोष्टीला इथे वेगळंच महत्त्व आहे, त्याकडे पुढे येऊ.

चॉकलेट पोटात गेल्यावर पहिले दोन-चार तास कुत्रा अगदी ठणठणीत दिसतो. शेपूट हलवतो, खेळतो. घरचे निर्धास्त होतात. मग तो वरचेवर पाणी प्यायला उठतो. धापा टाकतो. एका जागी बसत नाही; दारापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो. उलटी होते, तिला चॉकलेटचा वास येतो. पातळ शी होते, लघवी वारंवार होते. पोट फुगल्यासारखं वाटतं. बाधा जास्त असेल तर सहा ते बारा तासांच्या दरम्यान अंग थरथरू लागतं, चालताना तोल जातो, ताप चढतो, हृदय बेताल धावतं आणि झटके येतात. यवतमाळच्या उन्हाळ्यात, पारा ४४-४५ वर असताना, हा ताप आणखी लवकर जिवावर बेततो. उन्हाळ्यात चॉकलेट वितळतं आणि ‘आता कोण खाणार हे’ म्हणून ते कुत्र्यापुढे टाकलं जातं, तेही नेमकं याच दिवसांत.

हृदयाचे ठोके घरच्या घरी मोजता येतात, आणि ही एक गोष्ट प्रत्येक कुत्रा पाळणाऱ्यानं शिकून ठेवावी अशी आहे. कुत्र्याला उजव्या कुशीवर निजवा. डाव्या पुढच्या पायाचा कोपर किंचित मागे दुमडा. कोपर छातीला जिथे टेकतो, तिथे तळहात अलगद ठेवा. ठोका हाताला लागतो. घड्याळ लावून १५ सेकंद मोजा आणि चारनं गुणा. शांत पडलेल्या मोठ्या कुत्र्यात हा आकडा १४० च्या वर, लहान कुत्र्यात १८० च्या वर गेला, तर हृदयावर ताण आहे असं समजा. आपल्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा आजच, तो बरा असताना, मोजून कुठेतरी लिहून ठेवला तर वेळेवर तुलना करता येते.

आता प्रत्यक्ष प्रसंग. कुत्र्याच्या तोंडाशी फाटलेलं वेष्टन दिसलं की आधी उरलेलं चॉकलेट उचला, त्याचं तोंड बोटानं पुसून काढा आणि त्याला दुसऱ्या खोलीत बांधा. वेष्टन फेकू नका. सगळे तुकडे गोळा करून पिशवीत भरा. त्यावर चॉकलेटचा प्रकार, कोकोचे टक्के आणि निव्वळ वजन छापलेलं असतं. किती उरलं ते पाहिलं की किती गेलं ते कळतं. पोरांना न रागावता विचारा. रागावलात तर ती खरं सांगणार नाहीत. आपल्याकडे रंगीत कागदातली कोणतीही गोळी चॉकलेट म्हणूनच खपते, म्हणून नेमकं काय होतं ते बघून घ्या: लिमलेटची किंवा संत्र्याची गोळी असेल तर थिओब्रोमिनची भीती नाही. कुत्र्याचं वजन ठाऊक नसेल तर त्याला उचलून घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्यानं उभं राहा आणि वजाबाकी करा.

मग फोन. पशुवैद्यकाला चार गोष्टी सांगायच्या: कोणतं चॉकलेट, साधारण किती ग्रॅम, कुत्र्याचं वजन किती, आणि खाऊन किती वेळ झाला. या चार उत्तरांवर डॉक्टर फोनवरच ठरवू शकतात की घरी नजर ठेवणं पुरे आहे की लगेच आणायचं. उलटी करवून चॉकलेट बाहेर काढायचा सगळ्यांत चांगला काळ पहिल्या दोन तासांचा. वितळलेलं चॉकलेट पोटात गोळा होऊन बराच वेळ राहतं, त्यामुळे नंतरही काही वेळा डॉक्टर उलटी करवतात; पण जसजसा वेळ जातो तसतसं हातातलं निसटत जातं. लक्षणं दिसल्यावर निघायचं ठरवणाऱ्यानं नेमके हेच तास घालवलेले असतात.

घरच्या घरी उलटी करवायचा मोह मात्र टाळा. मीठपाणी पाजणं हा आपल्याकडचा सर्रास केला जाणारा उपाय कुत्र्यासाठी स्वतःच विष आहे. मीठ रक्तात जाऊन मेंदूला सूज आणतं, झटके आणतं, आणि मग डॉक्टरांपुढे एकाऐवजी दोन विषबाधा उभ्या राहतात. घशात बोटं घालू नयेत. घाबरलेला कुत्रा चावतो आणि उलटी श्वासनळीत जाण्याचा धोका असतो. अर्धवट शुद्धीत असलेल्या, थरथरणाऱ्या कुत्र्याला आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर घरी उलटी करवूच नये. दूध, तूप, ताक, लिंबू यांपैकी कशानंही थिओब्रोमिन उतरत नाही. उलट तुपाचा स्निग्धांश चॉकलेटच्या स्निग्धांशात भर घालतो आणि स्वादुपिंडाला सूज येण्याची शक्यता वाढवतो. चुलीतला कोळसा कुटून पाजणं म्हणजे दवाखान्यातला ॲक्टिव्हेटेड चारकोल नव्हे. तो वेगळ्या प्रक्रियेनं तयार केलेला असतो आणि किती, किती वेळा द्यायचा हे डॉक्टरच ठरवतात.

थिओब्रोमिनवर उतारा असा नाही. दवाखान्यात जे होतं ते चार वाटांनी होतं: उलटीचं इंजेक्शन, वारंवार चारकोल, सलाईन, आणि झटके किंवा हृदयाची बेताल गती आवरणारी औषधं. यातलं बहुतेक काम गावाजवळच्या दवाखान्यातही सुरू होऊ शकतं, ही यवतमाळसारख्या जिल्ह्यात मोठ्या दिलाशाची गोष्ट आहे. वेळेवर पोहोचलेली बहुतेक कुत्री एक ते तीन दिवसांत पूर्ण बरी होतात. घरी आणल्यावरही दोन-तीन दिवस जेवण हलकं आणि बिनतेलाचं ठेवावं. पोट धरून वाकलेला, पुन्हा उलट्या करणारा कुत्रा दिसला तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्यावी.

सोळा तालुक्यांचा हा जिल्हा पसरलेला आहे आणि सगळ्यांसाठी यवतमाळ शहर हेच जवळचं ठिकाण नाही. उमरखेडहून नांदेड जवळ पडतं, वणीहून चंद्रपूर. मोठ्या उपचारांसाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९५८ पासून चालू आहे आणि आज महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. यवतमाळहून तिथपर्यंतचा रस्ता सुमारे दीडशे किलोमीटरचा. म्हणजे झरी जामणी किंवा महागावसारख्या भागातल्या माणसानं आधी नागपूरची गाडी शोधण्यात अर्थ नाही. पहिला उपचार जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, लोक ज्याला ढोरांचा दवाखाना म्हणतात तिथे, आणि पुढचा प्रवास त्यानंतर. ‘तिथे फक्त गाई-बैल बघतात’ हा गैरसमज आहे. तिथला डॉक्टर कुत्र्यावरही उपचार करतो. आणि हाती सलाईन लावणारा माणूस दहा किलोमीटरवर असेल, तर तोच त्या रात्रीचा सगळ्यांत मोठा तज्ज्ञ. शासनाच्या पशुसेवेचा १९६२ हा टोल फ्री क्रमांकही मोबाइलमध्ये असू द्यावा.

आता फवारणीची गोष्ट. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले ते दिवस इथे कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे या जिल्ह्यात कुत्रा थरथरू लागला, फेस आला, झटके आले की पहिला विचार कीटकनाशकाचा येतो. आणि तो योग्यच आहे, कारण फवारणीची रिकामी डबडी, मिसळायच्या बादल्या, बांधावर पडलेली पुडकी कुत्र्याच्या वाटेत असतात. दुसरा विचार येतो तो शेजाऱ्याचा: ‘कुणीतरी काही खाऊ घातलं.’ एका चॉकलेटच्या डब्यापायी दोन घरांत उभं वैर निर्माण होऊ शकतं.

पण वैरापेक्षा मोठा धोका चुकीच्या उपचाराचा आहे. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा झाली की लाळ गळत राहते, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक होतात, शी-लघवी आपोआप होते आणि हृदय पुष्कळदा मंद पडतं. त्यावर ॲट्रोपिन हे महत्त्वाचं औषध आहे, आणि ॲट्रोपिन हृदयाची गती वाढवतं. चॉकलेटनं आधीच बेफाम धावणाऱ्या हृदयाला ते दिलं, तर संकटात भर पडेल. डॉक्टर तपासूनच औषध देतात हे खरं. पण रात्री अकरा वाजता, कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात, झटके येत असलेल्या कुत्र्याच्या बाहुल्या पाहून निदान करणं सोपं नाही. अशा वेळी ‘साहेब, यानं नऊच्या सुमारास डार्क चॉकलेट खाल्लंय, हे वेष्टन’ हे एक वाक्य कोणत्याही तपासणीपेक्षा लवकर वाट दाखवतं. पोरानं चॉकलेट दिल्याचं लपवू नये, घरच्यांनी लाजेपायी टाळू नये. आणि शेतात फवारणी झाली असेल तर तेही सांगावं. डॉक्टरांना दोन्ही शक्यता माहीत असू द्याव्यात.

चॉकलेटच्या वेष्टनात आणखी काही गोष्टी दडलेल्या असतात. मनुका-बदाम घातलेलं चॉकलेट दुहेरी घातक: द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि तेही किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नसतो. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं आता अभ्यासक मानतात, कारण चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही मूत्रपिंडाचा तसाच बिघाड आढळला आहे. हा मुद्दा आपल्याकडे फारच कामाचा आहे. वाळत घातलेली चिंच, चिंचेचे गोळे, चिंचेची गोड चटणी या गोष्टी कुत्र्याच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात. बिनसाखरेचं म्हणून मधुमेही आजोबांसाठी आणलेलं चॉकलेट किंवा च्युइंगम असेल तर वेष्टनावर झायलिटॉल किंवा ९६७ हा क्रमांक आहे का ते पाहावं. माणसाला निरुपद्रवी असणारा हा गोडवा कुत्र्याच्या शरीरात अर्ध्या-एक तासात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवतो आणि यकृतालाही इजा करतो. इथे तर दोन तासही हातात नसतात.

चॉकलेटखेरीज कुत्र्याला बाधणाऱ्या इतर गोष्टीही घरात असतात. कांदा-लसूण तर रोजच्या जेवणातला. पिठलं, रस्सा, कांद्याची भाजी उरली की ती भाकरीवर ओतून कुत्र्याला घालण्याची रीत घरोघरी आहे. कांदा शिजला तरी त्याचं विष जात नाही. तो कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो आणि रोज थोडा थोडा पोटात गेला तर काही दिवसांनी कुत्रा निस्तेज, हिरड्या पांढुरक्या, लघवी लालसर असं चित्र दिसतं. भाकरी साध्या वरणाच्या पाण्यात किंवा कांदा-लसूण नसलेल्या, बिनमसाल्याच्या रश्श्यात भिजवून द्यावी. कापसाच्या या जिल्ह्यात सरकीची ढेप गोठ्यात असतेच. सरकीतलं गॉसिपॉल हे द्रव्य गाई-बैलांचं पोट बऱ्यापैकी निभावून नेतं. कुत्र्यासारख्या एका पोटाच्या प्राण्यात मात्र ते साचत जाऊन हृदयाला अपाय करतं. गोठ्यात राहणारा कुत्रा ढेपेत तोंड घालत असेल तर ढेप झाकून ठेवा. डोकेदुखीची, अंगदुखीची गोळी कुत्र्याला मनानं देऊ नये, हेही याच ओळीत सांगायला हवं.

चॉकलेटी बिस्किटं आणि दुधात घालायच्या कोकोमिश्रित पावडरी यांत थिओब्रोमिन कमी असतं. एखादं बिस्कीट खाल्लं म्हणून धावाधाव करायची गरज नाही. पण रोज संध्याकाळी चहाबरोबर एक चॉकलेटी बिस्कीट हा नेम लावू नये. त्यानं कुत्र्याला चव लागते, वास ओळखीचा होतो आणि मग कपाटातला डबा तो शोधून काढतो. लाडच करायचे असतील तर उकडलेलं अंडं, साधी भाकरी, बी काढलेलं सफरचंद, गाजराचा तुकडा आहे.

पोरांना हे सांगायचं काम शाळेतही सहज होऊ शकतं. वाढदिवसाला चॉकलेटं वाटली जातात तेव्हा गुरुजींनी किंवा बाईंनी एकच वाक्य जोडावं: हे तुमच्यासाठी आहे, मोतीसाठी नाही. पोरं ऐकतात; घरी जाऊन आजी-आजोबांनाही सांगतात. गल्लीतल्या पिल्लाला काही द्यावंसं वाटलं तर पोळीचा तुकडा द्यावा, आणि उन्हाळ्यात पाण्याचं भांडं.

घरातली व्यवस्था साधी आहे. चॉकलेट आणि कोको पावडर दार लागणाऱ्या कपाटात, वरच्या फळीवर. प्लॅस्टिकची बरणी लॅब्रेडॉर चावून उघडतो, स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा नाही. दिवाळीची खोकी टीपॉयवर ठेवू नयेत. पाहुण्यांच्या पिशव्या जमिनीवर नकोत. कचऱ्याची बादली झाकणाची असावी, कारण वितळून वेष्टनाला चिकटलेलं चॉकलेटही कुत्रा कागदासकट गिळतो आणि तो कागद आतड्यात अडकू शकतो.

आज रात्री झोपण्याआधी एवढं करा: जवळच्या पशुवैद्यकाचा आणि रात्री फोन उचलणाऱ्या दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांचा क्रमांक मोबाइलमध्ये घाला, कुत्र्याचं वजन करून ते त्याच नावापुढे लिहा, आणि हे दोन्ही घरातल्या प्रत्येकाला, पोरांनासुद्धा, सांगून ठेवा.